बरगडीला सुट्टी नसते

काका माझ्या फिजिओथेरपीच्या दवाखान्याचा जिना चढून आले ते उजवा तळहात उजव्या कुशीवर दाबूनच. बसताना आधी टेबल धरलं, मग हळूच खुर्चीत टेकले. "मॅडम, शिंक येतेय असं नुसतं वाटलं तरी घाम फुटतो," म्हणाले. पंधरा-वीस दिवस खोकला होता. त्यात एका रात्री खोकताना कुशीत काहीतरी 'कट्' झालं आणि तेव्हापासून अंथरुणात वळता येत नव्हतं. घरचे म्हणाले, उसण भरली असेल, पडून राहा. शेजाऱ्यांनी कमरेचा पट्टा आणून दिला. तो काकांनी छातीवर इतका आवळला होता की शर्टाखालून त्याची कड दिसत होती.

पट्टा काढायला लावला आणि म्हटलं, आता एक मोठा श्वास घ्या. काका घेईनात. येत नव्हता असं नाही. आठ दिवसांत त्यांनी मोठ्या श्वासाचा नादच सोडून दिला होता.

माझी काळजी तिथून सुरू होते. गुडघा दुखला तर जिना टाळता येतो. खांदा दुखला तर हात झोळीत घालून आठ दिवस बसता येतं. बरगडीला ती सोय नाही. मिनिटाला पंधरा श्वास धरले तर दिवसाचे 21,600 होतात. अजपाजपाच्या, म्हणजे श्वासागणिक आपोआप होणाऱ्या जपाच्या, निमित्ताने हाच आकडा जुन्या माणसांच्या तोंडी असतो आणि वैद्यकाच्या हिशेबातही तो चपखल बसतो, कारण निवांत बसलेल्या मोठ्या माणसाचे श्वास मिनिटाला साधारण बारा ते वीस असतात. त्यातल्या प्रत्येक श्वासाला बरगड्या थोड्या उघडतात आणि मिटतात. त्यांना सुट्टी देता येत नाही. मग शरीर आपलं आपण पळवाट काढतं. श्वास वरवर, तुटक घेतं. दुखणं कमी होतं, पण फुप्फुसांचे तळाचे कोपरे हवेवाचून पडून राहतात. कफ तिथे साचतो, आणि खोकला दुखतो म्हणून तो बाहेरही काढला जात नाही. बरगडीचं दुखणं महिन्या-दीड महिन्यात जातं. या साचलेल्या कफातून न्यूमोनिया झाला तर मात्र मुक्काम दवाखान्यात हलतो.

हापसा आणि बादलीची कडी

छातीचा 'पिंजरा' म्हणतो आपण, पण गज ठोकून बसवावेत तशा बरगड्या बसवलेल्या नसतात. बारा जोड्या, एकूण 24. प्रत्येक बरगडी मागे मणक्यापासून निघते आणि कुशीला वळसा घालून पुढे येते. वरच्या सात जोड्या कूर्चेच्या तुकड्याने थेट छातीच्या मधल्या हाडाला, उरोस्थीला मिळतात. (नाकाचा शेंडा दाबल्यावर जे लवचीक हाताला लागतं, ती कूर्चा.) आठवी, नववी आणि दहावी उरोस्थीपर्यंत पोचत नाहीत, वरच्या बरगडीच्या कूर्चेला टेकून थांबतात. अकरावी आणि बारावी तर कुठेच टेकत नाहीत, पोटाच्या भिंतीतल्या स्नायूंत मोकळ्या सुटतात.

हलण्याची तऱ्हाही वर एक आणि खाली एक. वरच्या बरगड्या हापशाच्या दांड्यासारख्या हलतात: मागचं टोक जागेवर, पुढचं टोक उचललं जातं आणि छाती पुढे येते. खालच्या बरगड्या बादलीच्या कडीसारख्या: दोन्ही टोकं जागेवर राहतात आणि मधला बाक बाहेरच्या अंगाला उचलला जातो. दोन्ही तळहात कुशींवर ठेवून सावकाश श्वास घ्या, ती कडी हाताखाली उचललेली कळेल. दुखऱ्या बाजूची कडी अर्ध्यातच थांबते. मी रुग्णाच्या मागे उभी राहून दोन्ही कुशींवर हात ठेवते तेव्हा हाच फरक बघत असते.

आणखी दोन गोष्टी कळल्या की बरगडीच्या दुखण्यातली निम्मी कोडी सुटतात. एक म्हणजे बहुतेक बरगड्या मागच्या बाजूला मणक्याला एक नव्हे, दोन ठिकाणी सांध्याने जोडलेल्या असतात. सगळीकडून मोजले तर पाठीत असे चाळीसच्या वर छोटे सांधे भरतात. दुसरी गोष्ट, प्रत्येक बरगडीच्या खालच्या काठाला आतून एक खोबण असते. भिंतीवरच्या केसिंग पट्टीतून वायर न्यावी तसे त्या खोबणीतून रक्तवाहिन्या आणि एक मज्जातंतू मागून पुढे जातात. त्यामुळे बिघाड पाठीत असला तरी दुखू शकतं पुढे, स्तनाखाली. रुग्ण पुढे बोट दाखवतो आणि मी त्याला पाठ फिरवायला सांगते. "अहो मॅडम, पुढे दुखतंय," हे वाक्य मला पाठ झालंय.

बरगडी बोलतेय की तिच्या आडून कुणी?

छातीत दुखतं म्हणून कुणी थेट माझ्याकडे आलं तर पहिली पाच मिनिटं मी नुसती विचारत असते. पिंजऱ्याच्या आत हृदय आणि फुप्फुसं, उजव्या बाजूला खालच्या बरगड्यांआड यकृत आणि पित्ताशय, डाव्या बाजूला प्लीहा, मागे दोन्ही मूत्रपिंडं. यातल्या कुणाचीही तक्रार 'बरगडीत दुखतंय' या शब्दांत येऊ शकते.

छातीवर कुणी दगड ठेवल्यासारखं वाटतंय, कळ डाव्या हातात, जबड्यात किंवा पाठीत जातेय, दरदरून घाम आणि मळमळ आहे, तर फिजिओकडे येऊ नये, 108 ला फोन करावा. आपल्याकडे अशा वेळी "गॅसेस झाले असतील" म्हणून ओवा-सोडा देण्यात तास-दोन तास जातात, आणि नेमके तेच मोलाचे असतात. मधुमेह असलेल्यांत आणि बायकांत तर हृदयाचं दुखणं कधी कधी इतक्या ठसठशीतपणे येतही नाही. नुसती धाप, नुसता थकवा, नुसती मळमळ. बरगडी दाबल्यावर दुखली म्हणजे हृदय नक्की ठीक आहे, असा उलटा निष्कर्षही काढू नये. शंका असली की आधी ईसीजी.

अचानक धाप लागून श्वासागणिक टोचायला लागलं, एका पायाची पोटरी सुजली आहे, किंवा नुकतंच ऑपरेशन झालं आहे किंवा लांबचा प्रवास झाला आहे, तर पायातली रक्ताची गुठळी फुप्फुसात गेली असण्याची भीती असते. तेही तातडीचंच. थुंकीत रक्त, रोज संध्याकाळी येणारा ताप, घटत चाललेलं वजन, रात्री झोपेतून उठवणारं आणि कूस बदलूनही न बदलणारं दुखणं, पूर्वी कधी कर्करोग झालेला असणं, यांतलं काहीही असलं तरी आधी तपासण्या. खोकला दोन आठवड्यांहून जुना असेल तर थुंकीची तपासणी करायचीच. क्षयरोगाचं पाणी फुप्फुसाच्या आवरणात साचलं की सुरुवात अगदी अशीच होते, कुशीत चमक आणि बारीक ताप. काकांनाही मी आधी डॉक्टरांकडे परत पाठवलं. थुंकी आणि एक्स-रे दोन्ही स्वच्छ आल्यावरच पुढचं बोलणं झालं.

नागिणीबद्दल थोडं जास्त सांगायला हवं, कारण ती भल्याभल्यांना चकवते. छातीच्या एकाच बाजूला पट्ट्यासारखी आग होते, कपड्याचा स्पर्शही सहन होत नाही, आणि कातडीवर काही दिसत नाही. फोड येतात ते काही दिवसांनी. मधल्या काळात माणूस शेक घेतो, मालिश करून घेतो, माझ्याकडेही येतो. कांजिण्यांचा विषाणू वर्षानुवर्षं मज्जातंतूच्या मुळाशी झोपलेला असतो, तो जागा होऊन त्याच खोबणीतल्या वाटेने पुढे सरकतो. नागिणीचं तोंड आणि शेपूट जुळलं की माणूस जगत नाही, अशी भीती आपल्याकडे अजून आहे. पण विषाणू एका बाजूच्या मुळाशी बसलेला असल्यामुळे फोड सहसा शरीराच्या मध्यरेषेशी येऊन थांबतात, वेढा पूर्ण होण्याचा प्रश्नच सहसा येत नाही. भीती बाळगायचीच तर उशीर होण्याची बाळगावी. फोड दिसल्यापासून 72 तासांच्या आत विषाणूवरचं औषध सुरू झालं तर ते सगळ्यात उपयोगी पडतं. लेप लावण्यात ते तीन दिवस घालवले तर मागे राहणारी आग महिनोन्महिने पुरते.

हाडाचं, कूर्चेचं की मांसाचं

हे सगळं बाजूला पडल्यावर मग खुद्द बरगडीकडे वळायचं.

सगळ्यात जास्त दिसतो तो बरगड्यांमधल्या स्नायूंचा ताण. जोराचा खोकला, वळून उचललेलं पोतं, जिममधला पहिलाच उत्साही आठवडा, दिवाळीच्या साफसफाईत माळ्यावरून ओढलेली पिंपं. दोन बरगड्यांच्या मधल्या फटीत बोट ठेवलं की दुखतं, हाडावर ठेवलं की तितकं नाही. वळताना, हसताना, खोकताना चमक निघते. आपण 'उसण भरली' म्हणतो ते बऱ्याचदा हे असतं, नाहीतर मागचा एखादा सांधा आखडलेला असतो.

मग बरगडीला गेलेली तडा. दुचाकीवरून पडणं, न्हाणीत पाय घसरून कठड्यावर कूस आपटणं, दहीहंडीचा थर कोसळणं. हाडं ठिसूळ झालेल्या माणसात नुसता खोकलाही पुरतो. इथे लोकांची एक फसगत होते. एक्स-रेत काही दिसलं नाही म्हणजे तडा नाही, असं धरून चालतात. साध्या एक्स-रेला बरगडीच्या कितीतरी बारीक तडा दिसत नाहीत. डॉक्टर एक्स-रे काढतात तो मुख्यतः आत फुप्फुसाला भोक पडलंय का, हवा किंवा रक्त साचलंय का हे पाहायला. आणि गंमत अशी की टोकं न सरकलेली तडा असो की फाटलेला स्नायू, पहिल्या तीन आठवड्यांत माझा उपचार जवळजवळ तोच असतो. काकांचं नेमकं काय होतं हे आम्हाला शेवटपर्यंत शंभर टक्के कळलं नाही, आणि त्याने काही अडलंही नाही. फक्त साध्या खोकल्याने हे झालं म्हणून डॉक्टरांनी त्यांच्या हाडांची घनता तेवढी तपासून घेतली.

तरुण मुलं येतात ती उरोस्थीच्या कडेला बोट ठेवून. बरगडी आणि कूर्चा जिथे मिळतात तिथे, सहसा दुसरी ते पाचवी बरगडी, दाबलं की टचकन दुखतं. ईसीजी झालेला असतो, टूडी इको झालेली असते, सगळं नॉर्मल असतं आणि तरी मुलगा घाबरलेलाच असतो. कूर्चेच्या सांध्याची ही जळजळ हृदयाशी संबंधित नसते. बहुतेकदा काही आठवड्यांत, कधी काही महिन्यांत ती आपोआप निवते. त्याच जागी दिसेल इतकी सूज असेल तर त्याला टिट्झेचा विकार म्हणतात. अलेक्झांडर टिट्झे या जर्मन सर्जनने 1921 साली त्याचं वर्णन केलं. माझा अनुभव असा की या मुलांचं निम्मं दुखणं 'हे हृदय नाही' हे पटल्यावर उतरतं, आणि उरलेलं लॅपटॉपवरचं पोक सुटल्यावर.

एक चुकार प्रकार आठव्या ते दहाव्या बरगडीचा. त्यांची टोकं वरच्या कूर्चेला सैलसर टेकलेली असतात, ती सटकून वरच्या बरगडीखाली जातात आणि मधला मज्जातंतू चिमटीत सापडतो. वाकलं की 'टक्' वाजतं आणि कळ पोटात जाते. त्यामुळे असे रुग्ण आधी पोटाच्या डॉक्टरांकडे फिरून येतात, ॲसिडिटीच्या गोळ्यांची पाकिटं संपवतात. बरगड्यांच्या खालच्या कडेत बोटं घालून हलकेच वर ओढलं की तीच ओळखीची कळ निघते. यांच्यातल्या काहींना व्यायाम पुरे पडत नाही, शल्यक्रिया लागते. ते त्यांना सुरुवातीलाच सांगितलेलं बरं.

आधी श्वास, मग बाकी सगळं

"मॅडम, मशीन लावा ना." रुग्णाच्या मनात फिजिओथेरपी म्हणजे करंट आणि शेक. लावते मी. टेन्सच्या, म्हणजे कातडीवरून सौम्य करंट देणाऱ्या, मशीनने दुखणं तासाभरासाठी बोथट होतं आणि त्या तासात श्वासाचा व्यायाम करून घेता येतो, एवढ्यासाठीच. शेकाचंही तसंच. पहिले दोन दिवस कपड्यात गुंडाळलेला बर्फ, नंतर गरम, असा प्रघात आहे, पण ज्याने बरं वाटेल ते करावं इतकंच त्यातलं तथ्य. मधुमेही माणसाच्या कातडीला गरम कमी कळतं, तेव्हा गरम पिशवी ठेवताना आपल्या हाताने बघून ठेवावी. पिशवीने भाजून आलेले फोड मी पाहिले आहेत.

गोळ्यांबाबत एक सांगायचं. आपल्याकडे दुखणं सोसण्याला मान आहे. बरगडीच्या बाबतीत तो महागात पडतो. डॉक्टरांनी दिलेली वेदनाशामक गोळी पहिले काही दिवस ठरल्या वेळी घ्यावी आणि श्वासाचे व्यायाम तिच्यानंतर अर्ध्या-पाऊण तासाने करावेत. दुखणं कमी झालं तरच मोठा श्वास घेतला जातो, त्यासाठी ती गोळी आहे. कोणती घ्यायची हे मात्र मेडिकलवाल्याला विचारून ठरवू नये. मूत्रपिंड, पोटातला अल्सर, रक्त पातळ करणारी औषधं हे सगळं बघून डॉक्टरच ठरवतील.

पट्टा काढायलाच हवा होता. पूर्वी मोडलेल्या बरगडीवर चिकटपट्ट्या आवळून बांधायचे. आता ते करत नाहीत, कारण बांधलेली छाती फुगत नाही आणि कफ साचतो. म्हाताऱ्या माणसांत तर हे फार जपावं लागतं. अमेरिकेतल्या सिएटलमध्ये 65 वर्षांवरच्या रुग्णांचा एक अभ्यास 2000 साली प्रसिद्ध झाला. त्यात मोडलेल्या प्रत्येक जादा बरगडीमागे न्यूमोनियाचा धोका 27 टक्क्यांनी आणि मृत्यूचा 19 टक्क्यांनी वाढलेला दिसला. आजी घसरून पडल्या, तीन-चार बरगड्यांना तडा आहेत आणि 'घरीच आराम करतील' असं ठरतंय, तिथे मी हा आकडा मुद्दाम सांगते. अशा आजी पहिले काही दिवस दवाखान्यात बऱ्या.

काकांना पहिल्या दिवशी दिलेला व्यायाम एवढाच होता. पाठीला टेकून ताठ बसायचं. दुखऱ्या कुशीवर आपलाच तळहात सपाट ठेवायचा, दाबायचा नाही. नाकाने सावकाश श्वास घेत तो हात बाहेर ढकलायचा. दुखायला लागण्याच्या किंचित पुढे जायचं, दोन-तीन सेकंद थांबायचं, मग ओठांचा चंबू करून हळूहळू सोडायचा. असे पाच, जागेपणी दर तासाला. दुसऱ्या दिवशी त्यात 'हा' घातला. चष्म्याची काच पुसण्याआधी आपण तिच्यावर 'हाऽ' करून वाफ सोडतो, तसाच पण जरा जोरात. दोन-तीनदा केलं की कफ वर सरकतो आणि मग एकाच खोकल्यात निघतो, वीस वेळा खोकावं लागत नाही. खोकायचं तेव्हा उशी छातीशी घट्ट कवटाळायची आणि किंचित पुढे वाकायचं. शिंकेलाही तेच. उशीचा आधार खोकण्यापुरता असतो, खोकला झाला की सोडून द्यायचा. पट्टा आणि उशी यांत फरक इतकाच, पण तो मोठा आहे.

तीन रंगीत गोळ्यांचं ते प्लास्टिकचं यंत्र, स्पायरोमीटर, कोविडपासून घराघरांत पडलेलं आहे. ते चालेल, पण दहापैकी सहा-सात जण त्यात फुंकतात. ते ओढायचं असतं. नळी तोंडात घट्ट धरून हवा आत ओढायची. आणि तिन्ही गोळ्या झटक्यात वर आणून सोडण्यापेक्षा एक-दोन गोळ्या दोन-तीन सेकंद वर तरंगत ठेवणं जास्त कामाचं. सावकाश घेतलेला श्वास तळापर्यंत जातो. नातवाशी पैज लावायची असेल तर गोळ्या किती वर गेल्या हे सोडून किती वेळ टिकल्या यावर लावावी.

झोपेचं म्हणाल तर पहिले दिवस दोन-तीन उशा रचून अर्धवट बसतं झोपणं सोपं जातं. काहींना चक्क दुखऱ्या कुशीवर झोपून बरं वाटतं. सोसवत असेल तर त्यात चूक काही नाही, वरची चांगली बाजू मोकळी फुगते. उठताना मात्र झटक्यात उताण्याचं बसतं होऊ नये. गुडघे वाकवून, खांदा आणि कंबर एकदम फिरवून आधी कुशीवर यायचं, पाय पलंगाखाली सोडायचे आणि हातांनी रेटा देत उठायचं. आणि चालायचं. घरातल्या घरात, गच्चीवर, पण दिवसातून चार-पाचदा. पडून राहणं हा बरगडीचा उपचार नव्हे.

पायाळू, कपालभाती वगैरे

काकांच्या सासूबाईंनी सुचवलं होतं की पायाळू माणसाकडून पाठीत लाथ मारून घ्यावी, उसण जाते. पायाळू म्हणजे जन्मताना पायाकडून आलेला. आमच्या आजोळच्या गावी असा एक जण होता आणि सुगीच्या दिवसांत त्याच्या ओट्यावर रांग लागायची, हे मी लहानपणी पाहिलंय. हसण्यावारी नेत नाही मी. मागचा आखडलेला सांधा अशा धक्क्याने कधी मोकळा होत असेल, आणि तशी उसण बहुतेकदा दोन-चार दिवसांत आपोआपही जाते. पण तडा गेलेल्या बरगडीवर किंवा साठीपुढच्या ठिसूळ हाडांवर तोच पाय पडला तर तुटकं टोक आत फुप्फुसात जाऊ शकतं. हाच नियम 'कडकड' करून पाठ मोकळी करून देणाऱ्यांना लागू, आणि आम्हा फिजिओंनाही. ठिसूळ हाडं, बरीच वर्षं चालू असलेल्या स्टिरॉइडच्या गोळ्या, ताजी तडा, यांत झटका देऊन सांधा मोकळा करायचा नसतो. पोटावर झोपवून जोरात केलेलं मालिशही यातच धरा.

कपालभाती आणि भस्त्रिका दुखणं ताजं असताना नकोत. झटक्यांचा श्वास नेमका त्या दुखऱ्या स्नायूंवर येतो. सावकाश अनुलोम-विलोम किंवा नुसता दीर्घ श्वास खुशाल करावा. माझा व्यायाम त्याहून फार वेगळा नाही, फक्त मी हात कुशीवर ठेवायला सांगते.

दोन-तीन आठवड्यांनी, खोकताना जीव जायचा थांबला की पिंजरा हलवायला सुरुवात. भिंतीवर बोटांनी चढत हात वर नेणं. खुर्चीत बसून, हात छातीवर घडी करून, डावी-उजवीकडे सावकाश वळणं, दहा-दहा वेळा. नंतर मार्जारासन, म्हणजे मांजरासारखं हात-गुडघ्यांवर राहून: पाठ वर उचलताना श्वास सोडायचा, खाली झोकताना घ्यायचा. चांगल्या कुशीवर झोपून, गुडघे वाकवून, वरचा हात पुस्तकाचं पान उलटावं तसा मागे उघडत नेणं, हा माझा आवडता, कारण यात मणका आणि बरगड्या दोन्ही फिरतात. उरोस्थीकडेची कूर्चा दुखत असेल त्यांनी दाराच्या चौकटीत कोपर टेकवून छाती हलकेच पुढे न्यावी, वीस-तीस सेकंद, तीनदा. तिथे कळ वाढली तर कोपर खाली घ्यावं. मागचे सांधे आखडलेले असतील तर टॉवेलची घट्ट गुंडाळी पाठीखाली आडवी घालून दोन मिनिटं पडणं बरं वाटतं, पण ठिसूळ हाडं असलेल्यांनी हे करू नये. शेवटी ताकद: रबरी पट्टा दाराच्या कडीला अडकवून कोपरं मागे ओढणं. खांद्यांची पाती मागे राहायला शिकली की पुढच्या कूर्चेवरचा भार उतरतो.

ताण साधा असेल तर दोन-तीन आठवडे लागतात. हाड जुळायला साधारण सहा आठवडे, आणि जुळल्यावरही थंडीत किंवा प्रवासात महिना-दीड महिना कुरकुर राहते. भरलेला हंडा, सिलिंडर, नातवंड उचलणं सहा आठवडे बंद. नातवंडाला मांडीवर चढू द्यायला हरकत नाही, उचलायचं नाही. व्यायामाने दुखणं थोडं वाढून अर्ध्या-एक तासात उतरत असेल तर ठीक, दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत राहिलं तर आकडा निम्मा करायचा. आणि मधेच ताप आला, धाप वाढली, कफ हिरवा-पिवळा झाला तर व्यायाम सोडून त्याच दिवशी डॉक्टर गाठायचे.

काका सहाव्या आठवड्यात आले तेव्हा उशी घरी विसरले होते. बसल्या बसल्या शिंक आली. मोठ्याने शिंकले, मग दचकून कुशीला हात लावला.

"दुखलं?"

"थोडंसं." जरा वेळ गप्प बसले. मग विचारलं, "स्कूटर कधीपासून चालवू?"

मान आणि पाठ वळवून मागचं वाहन बघता येतं का, करकचून ब्रेक दाबला तर चमक येते का, स्टँडवर चढवताना श्वास अडतो का, हे तिन्ही तिथेच करून पाहिलं. तिन्ही जमलं.

"चालवा," म्हटलं, "पण आधी सांगा, तुमच्या गल्लीत खड्डे किती आहेत?"

काका म्हणाले, "मग अजून पंधरा दिवस रिक्षाच बरी."